घंटी वाजली की बाजू बदलायची

खोली बघायला मी आक्कांच्या दारात उभी राहिले, तेव्हा "आत या" म्हणायच्या आधी त्यांनी मला एक प्रश्न विचारला.

"गरिबाच्या पोरासाठी सरकारनं काय करावं? आईच्या खात्यात पैसं टाकावं, का पोराच्या ताटात अन्न वाढावं?"

माझ्या हातात यादी होती. घर भाड्याने घेताना काय काय विचारायचं याची माझी एक कायमची यादी आहे: पाणी कधी येतं, मीटर वेगळा आहे का, गच्चीची किल्ली कुणाकडे असते. हा प्रश्न त्यात नव्हता. पण पोरांचं ताट हेच माझं काम. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, नुकतीच बदली होऊन पलूस तालुक्यात आलेली. उत्तर तयारच होतं.

"ताटात," मी म्हणाले. "खात्यातल्या पैशाला घरात सतरा वाटा फुटतात. ताटात वाढलेलं पोराच्याच पोटात जातं."

"बरं." आक्कांनी खांद्यावरच्या लोकरीच्या पिशवीतून एक पितळी घंटी काढली. साहेबांच्या टेबलावर असते तसली, वरून टिचकी मारायची. ती उंबऱ्यावर ठेवली आणि एकदा वाजवली. "आता खात्याच्या बाजूनं बोला."

"म्हणजे?"

"म्हंजे बाजू बदलायची. बोला लवकर, उन्हात उभ्या हाय तुमी."

प्रवासाने मी दमले होते. वाद घालण्यापेक्षा बोलून टाकणं सोपं होतं. मी म्हणाले, पोराला आज काय हवं ते ऑफिसपेक्षा आईला जास्त कळतं. आज चप्पल लागते, उद्या औषध. अंगणवाडीला रविवारी सुट्टी असते, भुकेला नसते. आणि आम्ही घरी न्यायला म्हणून पोषण आहाराची जी पाकिटं वाटतो, त्यातली काही पोरांना आवडत नाहीत आणि गोठ्यातल्या म्हशीच्या पाटीत जातात, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. हे शेवटचं वाक्य मी आजवर कुणासमोर बोलले नव्हते. ते माझ्या तोंडून बाहेर पडलं तशी घंटी दोनदा वाजली.

"वेळ संपली. या आत. खोली तुमची."

पाण्याचं आणि मीटरचं विचारायचं राहूनच गेलं. मीटर वेगळा नव्हता.

त्या घंटीचा इतिहास मला दुसऱ्या दिवशी चहाबरोबर मिळाला. आक्कांचे यजमान सैन्यात होते आणि आक्का विट्याच्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात नोकरीला. तिथे दर वर्षी मोठी वादविवाद स्पर्धा व्हायची. वेळ बघायचं काम आक्कांकडे. एक घंटी म्हणजे इशारा, दोन घंट्या म्हणजे थांबा. नोकरीतली प्रत्येक स्पर्धा त्यांनी मंचासमोर पहिल्या रांगेत बसून, आधी एका बाजूचं आणि मग दुसऱ्या बाजूचं ऐकण्यात काढली.

"मला एकदाबी कुणी बोलाय सांगितलं न्हाई," त्या म्हणायच्या. "पण थांबवलं मी सगळ्यास्नी. पुढं मोठी झालेली माणसंबी थांबवली. वाक्य अर्धं असलं तरी."

निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल, श्रीफळ आणि त्यांनीच मागून घेतलेली ती घंटी मिळाली. शाल कुठे गेली ते त्यांना आठवत नव्हतं. घंटी पिशवीत आली आणि पिशवी खांद्यावरून कधी उतरली नाही. फरक एवढाच की घरी आल्यावर आक्कांनी नियम बदलला. दोन घंट्यांचा अर्थ तोच राहिला. एका घंटीला मात्र इशारा नाही, बाजू बदलायची.

दिसायला त्या किरकोळ. पाचवारी साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. यजमानांनी एकदा आणलेले बूट त्यांना इतके आवडले की तेव्हापासून त्यांनी दुसरं काही पायात घातलं नाही. लग्नालाही तेच, उसाच्या बांधावरही तेच. सकाळी बूट चढवून त्या शेतावर जायच्या, वाटेत दोघंतिघं तरी गाठायच्या आणि त्यांना बोलतं करायच्या. एसटीच्या वाहकाला त्यांनी मुलांच्या अर्ध्या तिकिटावरून घेरलं होतं. अर्धं का असावं यावर तो बोलला, घंटी झाल्यावर अर्धं का नसावं यावर बोलला आणि त्या नादात आमचा थांबा मागे गेला. तिथून मागे चालत येताना आक्का खूश होत्या. "चांगलं बोलला पोरगा. जरा हातवारे कमी पायजेत."

कुणी त्यांच्याशी सहमत झालं की त्यांना राग यायचा. "दोघंबी एकच बोलताय तर एक जण गप बसा, दुसऱ्यानं बोला," असं त्या सांगायच्या. आणि दुसरं त्यांचं एक वाक्य होतं, जे त्या बोट वर करून म्हणायच्या: "दुसऱ्याची बाजू नीट बोलाय येत न्हाई तवर आपली हातात घिऊ नये."

आता कुणाला वाटेल की बाईंचा योजनांचा अभ्यास दांडगा असणार. अजिबात नव्हता. सरकार पोरांसाठी जे जे देतं त्या सगळ्याला त्या एकच नाव ठेवून मोकळ्या झाल्या होत्या: खिचडी. शाळेतलं जेवण म्हणजे खिचडी, हे ठीक. पण गणवेशाची खिचडी, सायकलीची खिचडी, वसतिगृहाची खिचडी, लसीची खिचडी. मी प्रत्येक वेळी नाव दुरुस्त करायचे. योजनेचं नाव, खातं, लाभार्थी कोण. त्या मान डोलवायच्या आणि म्हणायच्या, "व्हय, तीच. त्या सायकलीच्या खिचडीचं काय म्हणनं हाय तुमचं?"

रविवारी दुपारी त्यांच्या ओट्यावर बैठक भरायची. शेंगा भाजलेल्या, टरफलं टाकायला एक घमेलं, मधोमध घंटी. आलेल्याने विषय निवडायचा नाही, विषय आक्काच काढणार, आणि तो बहुतेक वेळा पोरांचाच असायचा. शाळेत अंडं द्यावं की केळं. मदत सगळ्या पोरांना द्यावी की फक्त यादीतल्या गरिबांना. पोरांचाच विषय का, असं मी एकदा विचारलं. "पोरांवर बोलताना माणूस लय लबाड्या करत न्हाई," त्या म्हणाल्या. "पाण्यावर, रस्त्यावर बोलताना बगा कसं बोलत्यात ते."

त्या बैठकीतला एक प्रसंग मी विसरणार नाही. शेजारचे एक गृहस्थ सोनं आटवायच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात. दुकान तिकडे लांब दक्षिणेत, गावी जत्रेला आले होते. गळ्यात साखळी, हातात दोन फोन. विषय होता मदत सगळ्यांना की यादीतल्यांनाच. ते यादीच्या बाजूने तावातावाने बोलले.

"आवं आक्का, आमच्या धंद्यात बगा. सोनं वायलं, भेसळ वायली. आमी आटिवतो, गाळतो, मग खरं कळतं. तसं खरं गरीब वायलं काढायला नकोत? ट्रॅक्टरवाल्याच्या पोरालाबी फुकट आन् मजुराच्या पोरालाबी फुकट, ह्येला काय अर्थ हाय?"

टिंग.

ते थांबले. एक शेंग फोडली, दाणे खाल्ले नाहीत. "आता उलटं बोलायचं व्हय? उलटं म्हंजे..." आणि स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "उलटं म्हंजे असं हाय, का आटिवताना थोडं सोनं उडून जातंच. राखेत जातं, मुशीला चिकटतं. जितकं बारीक गाळाय जावं तितकं जास्त जातं. म्हनून आमी दुकानातला केरबी टाकत न्हाई, त्यातबी सोनं असतंय." ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमच्या याद्या गाळताना जी पोरं उडून जात्यात, त्यांचा केर कोण राखून ठेवतं?"

माझ्या याद्या चोख असतात. पण यादीत नसलेल्यांची यादी माझ्याकडे नव्हती. दोन घंट्या वाजल्या आणि गलाईवाले एकदम सावध होऊन म्हणाले, "माझं मत मातूर पयलंच हाय हां."

"मत ठिवा की घरी," आक्का म्हणाल्या. "कोण मागतंय?"

त्यानंतर मी एक नवी यादी सुरू केली, यादीत नसलेल्या पोरांची. तिच्यात सगळ्यात वर रेणुका आली.

गावाच्या टोकाला, कालव्यापलीकडच्या माळावर दर हंगामाला ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. पाचटाच्या, कागदाच्या, गुडघ्याएवढ्या दाराच्या. माणसं मराठवाड्यातून येतात, दिवाळीनंतर आली की उन्हाळ्याच्या तोंडावर जातात. रेणुका त्यातलीच, शाळेच्या वयाची. तिच्या काखेत कायम तिचा धाकटा भाऊ. आई-बाप अंधार असतानाच फडात जायचे आणि दिवसभर भाऊ रेणुकाचा. त्याला सांभाळायचं, म्हणून शाळा नाही. मी तिच्या आईला गाठून विचारलं, तर ती म्हणाली, "हिला साळंत धाडते की बाई. पर लेकराला कुठं ठिवू? फडात साप निघत्यात."

सरकारचा नियम तिच्या बाजूचा होता. मूल कुठल्याही गावचं असो, असेल तिथल्या अंगणवाडीने त्याला जेवू घालायचं. पण आमची अंगणवाडी गावाच्या दुसऱ्या टोकाला देवळापाशी, मधे कालवा आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांचा रस्ता. कोप्यांजवळ एक जागा होती: पंचायतीची, दूध संकलन बंद पडल्यावर रिकामी झालेली खोली. ती हंगामापुरती मिळाली तर लहानगी तिथे राहतील, जेवतील, आणि रेणुकासारख्या थोरल्या बहिणी शाळेत जातील. मी काय काय लागेल ते लिहून काढलं: कुंपण, पाणी, स्वयंपाक, चटया, पंखा, रंग. यादी घेऊन सरपंचांकडे गेले.

सरपंच तरुण, पांढरेशुभ्र कपडे, कान पैलवानाचे. कुस्ती सुटली होती, पण हरणं त्यांना अजून जमत नव्हतं. त्या खोलीत व्यायामशाळा काढायचं वचन त्यांनी गावच्या पोरांना निवडणुकीतच देऊन ठेवलं होतं. त्यांनी माझी यादी वाचली, घडी घातली, परत दिली. "ग्रामसभेत मांडा," म्हणाले. नाही म्हणायची ती सभ्य रीत होती.

ग्रामसभा सव्वीस जानेवारीला. झेंडावंदन झालं, शाळेच्या पोरांना जिलेबी वाटली गेली, माणसं शाळेच्या पटांगणातच मांडवाखाली बसली. मी माझा विषय मांडला. रेणुकाचं सांगितलं. मागच्या बायकांनी चुकचुक केली. मग सरपंच उठले.

"मॅडम, तुमचं मन चांगलं हाय, त्यात काय वाद न्हाई. पण ती पोरं आपल्या गावची न्हाईत. हंगाम संपला का जातील. त्यांच्यापायी आपल्या तरण्या पोरांची व्यायामशाळा अडवू? मग मतं मागाय मी कुणाकडं जाऊ, कोप्यांवर?"

पोरं हसली. दोनचार जणांनी टाळ्या वाजवल्या. माझा विषय बुडाला होता, हे मला कळलं. ग्रामसेवक पुढचा विषय वाचायला उठलेसुद्धा.

टिंग.

आक्का खुर्चीतून उठल्या नव्हत्या. घंटी त्यांच्या मांडीवर होती. "बदला बाजू," त्या म्हणाल्या.

"आक्का, ही ग्रामसभा हाय," सरपंच म्हणाले. "तुमचा ओटा न्हाई."

"भितोस व्हय रं?"

मांडवात कुजबुज झाली. सरपंचांनी बाह्या सारल्या. पैलवानाला असा प्रश्न मांडवभर माणसांत विचारल्यावर दुसरं काही होण्यासारखं नव्हतं.

"कोण भितंय? मॅडम, करा विरोध."

मला विरोध करायचा होता, माझ्याच विषयाला. हातात माझी यादी होती. मी ती उलटी वाचायला लागले.

"माझा या खोलीला विरोध आहे," मी म्हणाले. "शेजारी कालवा आहे. पोरगं पाण्यात गेलं तर जबाबदार कोण?"

"कुंपण घालू की," सरपंच म्हणाले. "पंचायतीमागं जाळी पडलीय, गंजून चाललीय नुसती."

"तिथे पाणी नाही."

"व्यायामशाळेला नळ मंजूर हायच. तोच जोडतो. फुडं?"

"शिजवणार कोण? माझ्याकडे मदतनीस एकच."

सरपंच बायकांकडे वळले. "बचत गट शिजिवल. का गं मावशे?"

"शिजिवतो की," मागून आवाज आला. "पण चूल फुकाय न्हाई बसायची आमी. गॅस दे."

"दिला."

इथे माझ्या लक्षात आलं काय चाललंय ते. मी जितका जोरात विरोध करीन तितकं सरपंच देत जाणार होते. समोर मुद्दा आला की त्याला चीतपट करायचा, एवढंच त्यांना माहीत होतं. मी यादीवर बोट ठेवून एकेक खाली सरकत गेले. भिंतीला ओल आहे, अशा खोलीत लेकरं ठेवणं मला मान्य नाही. रंग मारतो. उन्हाळ्यात पत्रा तापतो. पंखा बसवतो. जमीन गार आहे. चटया आणतो, सतरंज्या आणतो, आणखी बोला. यादी संपली तेव्हा मला हळहळ वाटली की खेळणी लिहायची राहिली होती.

शेवटी मी त्यांचाच मुद्दा त्यांच्यावर टाकला. "पण ही पोरं आपल्या गावची नाहीत."

"आवं मॅडम," सरपंच म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज आखाड्यात घुमतो तसा लागला होता. "ऊस कुणाचा? माझा, ह्येचा, त्येचा. तोडाय कोण आलंय? त्यांच्या पोरांचं दार सध्या कंचं? आपलंच की. दारात आलेलं पोर जेवल्याबिगर माघारी जात न्हाई आपल्यात."

मांडवात टाळ्या पडल्या. त्या थांबायची मी वाट बघितली नाही. "आणि तरुणांची व्यायामशाळा?"

"व्यायामाला पोरं येत्यात सकाळी झुंजूमुंजू आन् सांजच्याला. मधी दिसभर खोलीला कुलूपच. तेवढ्यात बसतील की लेकरं. वजनं मी सोता कोपऱ्यात साखळीनं बांदतो..."

एवढं बोलून ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांना त्या क्षणी ऐकू आलं असावं. व्यायामशाळाही राहत होती, खोलीही पोरांना मिळत होती, आणि हे त्यांनी स्वतः सांगितलं होतं. माझ्या यादीत हा तोडगा नव्हता. व्यायामाला पोरं कधी येतात ते मला माहीत असायचं कारण नव्हतं.

दोन घंट्या वाजल्या. "वेळ संपली," आक्का म्हणाल्या. "ग्रामसेवक, ठराव लिवून घ्या."

हात वर झाले. सरपंचांचाही झाला. कुस्ती जिंकल्यावर पंच हात उचलतात ना, तसाच.

त्या दिवशी उरलेली जिलेबी कोप्यांवर गेली. परातीत, सरपंचांच्या गाडीवरून, आणि मागे परात धरून आक्का, पांढरे बूट दोन्ही बाजूंना लोंबत.

खोली सुरू झाली. आणि थोड्याच दिवसांत मला तालुक्याच्या ऑफिसातून बोलावणं आलं. आमच्या अधिकारी बाईंच्या टेबलावर ग्रामसभेचं इतिवृत्त होतं. ग्रामसेवक शब्दाला शब्द लिहिणारे. घंटीच्या आधीचा विषय बुडाला म्हणून त्यांनी तो सोडला होता, नंतरचं सगळं लिहिलं होतं, फक्त घंटी नव्हती. "सरपंच महोदयांनी स्थलांतरित बालकांसाठी खोली देण्याचे जोरदार समर्थन केले. अंगणवाडी पर्यवेक्षिका यांनी सदर प्रस्तावास तीव्र विरोध दर्शविला व अनेक हरकती उपस्थित केल्या. सरपंचांनी त्या खोडून काढल्या."

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं. "पोरांच्या खात्यातल्या तुम्ही आणि पोरांना खोली द्यायला विरोध? लेखी खुलासा द्या. बढतीच्या यादीत तुमचं नाव आहे, हे लक्षात ठेवा."

मी घरी आले आणि खुलासा लिहायला बसले. मला कागदावर चूक सहन होत नाही. ग्रामसेवकांनी दुरुस्ती करावी, पुढच्या सभेत ती वाचावी, माझ्या नावापुढे खरं काय ते यावं. नीट, क्रमाने लिहिलं आणि आक्कांना वाचून दाखवलं. त्या शेंगा सोलत होत्या.

"चांगलं लिवलंय," म्हणाल्या आणि घंटी वाजवली.

"आक्का, आता नको. हा माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"म्हणूनच. बदला बाजू."

मी कागद बाजूला ठेवला. मला बोलायचं नव्हतं, पण त्या घरात घंटी वाजल्यावर गप्प बसणं जमत नसे. मी म्हणाले, "दुरुस्ती मागितली तर ठराव पुन्हा सभेपुढे येईल. मी म्हणणार, माझा विरोध खोटा होता. मग सरपंचही म्हणतील, माझं समर्थन खोटं होतं. तरुण पोरं अख्ख्या खोलीसाठी त्यांच्या मागे लागलेलीच आहेत. ते बिचारे सुटतील, आणि खोली जाईल." मला आणखी सुचत गेलं. "आत्ता ते सुटू शकत नाहीत, कारण ते जिंकलेत. लोक त्यांना रस्त्यात थांबवून शाबास म्हणतात. जिंकलेलं कोण परत देतं? ते जिंकलेले राहायचे असतील तर कुणीतरी हरलेलं राहायला पाहिजे."

आक्कांनी दोन घंट्या वाजवल्या नाहीत. वाट बघत राहिल्या. मग मीच माझा कागद फाडला आणि नवा लिहिला. एकच वाक्य: "सदर सभेत माझ्याकडून मांडल्या गेलेल्या सर्व हरकतींचे सरपंचांनी समाधानकारक निरसन केले असून आता माझी कोणतीही हरकत उरलेली नाही." त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी तपासून बघितला.

अधिकारी बाईंनी तो वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि फाइलला लावला. बढती मिळाली, एक वर्ष उशिरा. त्या वर्षभर ऑफिसात मला "विरोधी पक्षनेत्या" म्हणत. इतिवृत्तात मी अजून विरोधातच आहे.

आक्कांची स्वतःची बाजू कुठली, हे मी त्यांना पुष्कळदा विचारलं. पैसे की अन्न, सगळ्यांना की यादीतल्यांना. "मी वेळ बगते," एवढंच उत्तर. पण खोली सुरू झाल्यावर त्या रोज दुपारी बूट घालून कालवा ओलांडून जायच्या, पोरांत बसायच्या, भाजलेल्या शेंगांच्या दाण्यांचा कूट आणलेला असायचा, तो चिमूटभर प्रत्येकाच्या भातावर टाकायच्या. जेवायच्या वेळेला घंटीही वाजवायच्या. तिथे घंटी वाजली की कुणी बाजू बदलत नसे. सगळी पोरं ताटाकडे पळायची.

आणि रेणुका शाळेत जायला लागली. पहिले काही दिवस ती चालताना एका बाजूला कललेली असायची. काखेत भाऊ नसूनही कंबर तशीच बाहेर काढलेली. मास्तरांना वाटलं, पायात काही दोष आहे. मी म्हणाले, थांबा थोडं. महिन्याभरात सरळ चालायला लागली, आणि मग चालणं सोडून पळायलाच.

माझी पुढे बदली झाली, आता मी उंब्रजला असते. आक्का फोन करतात. बोलता बोलता पलीकडून टिंग ऐकू येतं आणि मी रस्त्यात उभी राहून माझ्याच म्हणण्याच्या विरुद्ध बोलायला लागते. लोक वळून बघतात. त्याची सवय झालीय.

या हिवाळ्यात मी त्या गावाला गेले होते. खोली अजून चालते. भिंतीला निळा रंग, कोपऱ्यात साखळीने बांधलेली वजनं, मधे सतरंजीवर पोरं. एक नव्या तरुण अधिकारी बाई भेटीला आल्या होत्या आणि सरपंच, आता जरा जाडसर झालेले, त्यांना फिरवून दाखवत होते. आक्का दारातल्या खुर्चीत होत्या, पिशवी मांडीवर.

"ही कल्पना कुणाची?" नव्या बाईंनी विचारलं.

"आमचीच की," सरपंच म्हणाले. त्यांचा त्यावर पूर्ण विश्वास बसलेला होता, चेहऱ्यावर दिसतच होतं. मग त्यांना मी दिसले आणि त्यांनी मोठ्या मनाने माझ्याकडे हात केला. "ह्या मॅडम. लय चांगल्या बाई हायत. पण ह्यांचा लय विरोध होता. विचारा त्यास्नी. कालवा म्हणाल्या, ओल म्हणाल्या, काय काय म्हणाल्या. मी एकेक खोडून काढलं."

नव्या बाई माझ्याकडे आश्चर्याने बघायला लागल्या. मी आक्कांकडे बघितलं. त्यांचा हात पिशवीत होता. आता एक घंटी वाजली असती तर मला बाजू बदलता आली असती, माझी खरी, पहिली बाजू सांगता आली असती. आतल्या पोरांपैकी एक रांगत येऊन सरपंचांच्या पांढऱ्या विजारीला धरून उभं राहू बघत होतं, आणि ते न बघताच त्याला एका हाताने आधार देत होते.

घंटी वाजली नाही.

"होता," मी म्हणाले. "पुष्कळ विरोध केला मी. पण सरपंचांनी माझं काही चालू दिलं नाही."

मग आक्कांनी घंटी बाहेर काढली, आणि दोनदा वाजवली.